राक्षस किती मोठा, हे खालून ठरतं

नवा राक्षसपट आला की पहिल्या दिवशी काय बोललं जाणार हे ठरलेलंच असतं. राक्षस किती उंच आहे, पडद्यावर किती मिनिटं दिसतो, कोणाशी भिडतो, इफेक्ट्स खरे वाटतात की नाही, आणि मोठ्या पडद्यावर पाहिला तर पैसे वसूल होतात का. ट्रेलर आल्यापासूनच एकेक फ्रेम थांबवून शेपटी मोजली जाते, पाठीवरच्या काट्यांचा आकार मागच्या चित्रपटाशी ताडून पाहिला जातो. यात वावगं काही नाही. हे चित्रपट मला मनापासून आवडतात, आणि ज्याला ते आवडतात त्याला ही चर्चाही हवीहवीशी वाटते. पण या पहिल्या प्रतिक्रियांमध्ये एक प्रश्न जवळजवळ कधीच नसतो. राक्षसाचा पाय जिथे पडला, तिथे कोण होतं?

राक्षसपट चांगला की वाईट हे याच प्रश्नावर ठरतं असं माझं म्हणणं आहे, आणि ते दोन अंगांनी ठरतं. एक अंग माणुसकीचं. शहर कोसळताना दाखवायचं आणि त्यात मेलेल्यांकडे पाहायचंच नाही, या सवयीने प्रेक्षक म्हणून आपली नजर बिघडते. दुसरं अंग निव्वळ कारागिरीचं. खाली माणूस नसेल तर वर राक्षसही उरत नाही. त्याचं वजन जातं, आकार जातो, भीती जाते. पहिला मुद्दा काढला की लोक म्हणतात, करमणुकीत नीती कशाला आणता. दुसरा मुद्दा तंत्रज्ञांवर सोडून दिला जातो. मला हे दोन मुद्दे वेगळे करताच येत नाहीत.

जिथून हा प्रकार खऱ्या अर्थाने मोठा झाला, तिथे हे लख्ख दिसतं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या साधारण अडीचपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ नावाची एक जपानी मासेमारी बोट होती. तिच्यावर पांढरी किरणोत्सारी राख पडत राहिली. बोटीवर २३ जण होते. त्यांच्यातले रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रातून उठवलेल्या महाकाय राक्षसाची गोष्ट सांगणारा पहिला ‘गॉडझिला’ जपानमध्ये प्रदर्शित झाला. तो सुरू होतो तोच एका बोटीवर. डेकवर निवांत बसलेले खलाशी, समुद्रात अचानक डोळे दिपवणारा उजेड, आणि मग आग. त्या वर्षी तिकीट काढून आत बसलेल्या जपानी माणसाला हे काय आहे हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून घरी परतताना हिरोशिमाचे अवशेष पाहून आलेले होते. त्यांच्या चित्रपटात टोकियो जळतं तेव्हा कॅमेरा राक्षसावर खिळून राहत नाही. एका इमारतीच्या पायथ्याशी एक बाई मुलांना कवेत घेऊन बसली आहे. पळायला वाट उरलेली नाही. आता आपण लवकरच बाबांकडे जाणार, असं ती मुलांना सांगते. बाबा कुठे आहेत याचा खुलासा चित्रपट करत नाही. युद्ध संपून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. हे दृश्य काही सेकंदांतच संपतं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जमिनीवर ओळीने माणसं झोपवलेली आहेत. एका लहान मुलासमोर किरणोत्सार मोजायचं यंत्र धरलं जातं आणि डॉक्टर नकारार्थी मान हलवतात. या दृश्यात राक्षस नाहीच. तरीही तो केवढा मोठा होता हे प्रेक्षकाला कळतं ते इथे.

याच चित्रपटाचं पुढे अमेरिकेत काय झालं हे या वादात फार महत्त्वाचं आहे. १९५६ साली तिथे जी आवृत्ती दाखवली गेली, तिच्यात रेमंड बर हा नट अमेरिकी पत्रकार म्हणून मधेमधे घातला होता आणि अणुबॉम्बविषयीचं बरंचसं बोलणं काढून टाकलं होतं. मूळ चित्रपटात रेल्वेच्या डब्यातली एक तरुणी नागासाकीतून आपण जीव वाचवून आल्याचं बोलते. ते संभाषण या आवृत्तीतून गळालं. राक्षस तोच, चिरडलेली घरं तीच, आग तीच. फक्त कारण पुसट झालं, आणि कारणाबरोबर त्या तरुणीचा भूतकाळ गेला. मूळ जपानी चित्रपट अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत रीतसर लागायला २००४ साल उजाडलं. म्हणजे तिथल्या बहुतेक प्रेक्षकांनी अर्धं शतक राक्षस पाहिला आणि तो का आला हे जेमतेमच पाहिलं. आज ज्याला आपण राक्षसपट म्हणतो, त्याच्या बऱ्याच मोठ्या भागाचं मूळ मला होंडांच्या चित्रपटापेक्षा या कापलेल्या आवृत्तीत दिसतं.

आता कारागिरीकडे येतो, कारण चाहत्यांशी वाद घालायचा तर तो त्यांच्या मैदानात घालायला हवा.

पन्नास मीटर उंचीचा चालता प्राणी असूच शकत नाही. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हे मांडून ठेवलं आहे. शरीर सगळ्या बाजूंनी सारखं वाढवलं तर वजन घनाच्या हिशेबाने वाढतं आणि हाडाचा छेद वर्गाच्या हिशेबाने. माणूस तीसपट उंच केला तर त्याचं वजन २७,००० पट होईल, पण ते पेलणाऱ्या हाडांचा छेद ९०० पटच वाढेल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तीसपट भार. पहिल्याच पावलाला मांडीचं हाड मोडेल. थोडक्यात, राक्षसाला स्वतःचं वजन नसतं. ते त्याला चित्रपटाने द्यावं लागतं.

ते कसं देतात? १९५४ साली होंडांच्या चित्रपटाचे इफेक्ट्स सांभाळणारे एइजी त्सुबुराया यांनी हारुओ नाकाजिमा या नटाला सुमारे शंभर किलोच्या रबरी पोशाखात उभं केलं आणि त्याच्याभोवती खऱ्याच्या एक पंचविसांश मापाचं टोकियो बांधलं. पन्नास मीटरांचा राक्षस दोन मीटरांवर आला. पण माप लहान केलं तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. पन्नास मीटरांवरून सुटलेल्या दगडाला जमिनीवर यायला साधारण ३.२ सेकंद लागतात. दोन मीटरांवरून सुटलेल्याला ०.६४. पाचपट फरक, कारण पंचविसाचं वर्गमूळ पाच. छोट्या प्रतिकृतीतली भिंत धप्पकन पडते आणि तिचं खेळणंपण उघडं पडतं. म्हणून अशी दृश्यं जास्त वेगाने चित्रित करायची आणि नेहमीच्या वेगाने दाखवायची. मग कौलं सावकाश निखळतात, धूळ रेंगाळते, पाऊल उचलायला वेळ लागतो आणि टेकल्यावर ते जड वाटतं. आवाजाचंही तसंच. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांब पडलेल्या पावलाचा दणका तीन सेकंदांनी ऐकू यायला हवा. ही तीन सेकंदांची शांतता वापरण्याचा धीर फार थोड्या दिग्दर्शकांना होतो, आणि ज्यांना होतो त्यांच्या राक्षसाची भीती वाटते.

या सगळ्या युक्त्यांना एक टेकू लागतो, तो म्हणजे तळाशी असलेला माणूस. पडद्यावर मोजपट्टी नसते. डोळ्याला परिचयाचं एकच माप आहे, माणसाची उंची. खाली धावणारा माणूस दिसला, दुकानाची पाटी दिसली, विजेच्या तारा दिसल्या, की वरचा पाय आपोआप मोठा होतो. कॅमेरा आभाळात नेऊन राक्षसाच्या डोळ्यांसमोर धरला की तो पाय कोणाचाही असू शकतो. २०२४ सालच्या ‘गॉडझिला एक्स काँग: द न्यू एम्पायर’मध्ये इजिप्तच्या पिरॅमिडांजवळ दोघांची झुंज आहे. गॉडझिला काँग या महाकाय वानराला कुस्तीतल्यासारखा उचलून आपटतो. संगणकावरचं काम अव्वल दर्जाचं आहे, केसन्‌केस वेगळा दिसतो. पण कॅमेरा बहुतेक वेळ त्या दोघांच्या खांद्याच्या उंचीवर आहे, हालचालींचा वेग माणसांच्या हाणामारीचा आहे, आणि पायथ्याशी ज्याच्या जिवाची काळजी वाटावी असं कोणी नाही. साडेचार हजार वर्षं उभे असलेले ते अजस्र दगडी ढीग मला तिथे टेबलावर ठेवल्यासारखे दिसले. कामात कसर नव्हती. कॅमेरा चुकीच्या उंचीवर होता.

उंचीचे आकडेच पाहा. १९५४ चा गॉडझिला ५० मीटर. तीस वर्षांनी टोकियोत उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यापुढे तो खुजा दिसू नये म्हणून १९८४ साली तो ८० मीटरांचा झाला. २०१४ साली १०८, २०१६ साली ११८.५, आणि २०१७ च्या ॲनिमेशनपटात तीनशेच्याही वर. आणि २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये? ५०.१ मीटर. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जड वाटलेला गॉडझिला हाच. त्याच्याविषयी पुढे बोलतो.

आधी मिनिटांच्या तक्रारीचा निकाल लावायला हवा, कारण पहिल्या प्रतिक्रियांतली ती सगळ्यात लाडकी तक्रार आहे. २०१४ च्या गॅरेथ एडवर्ड्‌सच्या ‘गॉडझिला’वर ओरड झाली ती हीच. दोन तासांच्या चित्रपटात गॉडझिला दहा मिनिटांच्या आसपास दिसतो. एडवर्ड्‌सने कॅमेरा बराच वेळ माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवला होता. विमानातून उड्या मारणारे सैनिक ढगांतून खाली येतात, पायाला बांधलेल्या लाल धुराच्या रेघा मागे सुटतात, आणि एका सैनिकाच्या मुखवट्याच्या आतून, त्याचा श्वास ऐकत, आपण राक्षसाच्या अंगाजवळून खाली जातो. त्या प्रकारात इतकं सुंदर दृश्य क्वचितच झालं असेल. तरीही चाहते चिडले, आणि एका जागी ते बरोबरच चिडले. होनोलुलूच्या विमानतळावर गॉडझिलाचा पाय पडतो, काचेपलीकडच्या प्रवाशांच्या किंकाळ्या ऐकू येतात, तो गर्जना करतो, आणि पुढची झुंज आपल्याला थेट कुणाच्या तरी घरातल्या टीव्हीवर दिसते. लोक म्हणाले, आमचा राक्षस हिरावला. माझ्या मते तिथे विमानतळावरची माणसं हिरावली गेली. काचेमागे उभे असलेले ते शेकडो लोक, त्यांचं पुढे काय झालं? चित्रपटाने राक्षस झाकला म्हणून मला राग आला नाही. माणसं तिथेच सोडून दिली म्हणून आला.

निर्मात्यांनी मात्र तक्रार शब्दशः घेतली. जास्त राक्षस हवा? घ्या. त्या मालिकेतल्या पुढच्या चित्रपटांत राक्षस वाढले, लढाया दिवसाउजेडी आल्या, शहरं एकामागून एक पडली, आणि माणसं नियंत्रणकक्षात उभी राहून मोठ्या पडद्याकडे पाहत एकमेकांना माहिती सांगायला लागली.

मिनिटांचा प्रश्न मुळात गौण आहे याचा उत्तम पुरावा कोरियात आहे. बोंग जून-हो यांच्या २००६ च्या ‘द होस्ट’मध्ये राक्षस पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच, भर उन्हात, नदीकाठच्या बागेत, अख्खाच्या अख्खा दिसतो. काहीही झाकलेलं नाही. लोक सैरावैरा पळतात. एक बाप गर्दीत आपल्या शाळकरी मुलीचा हात धरून धावत सुटतो, मधे पडतो, उठतो, हात पुन्हा पकडतो, आणि थोडं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात येतं की हातात हात आहे तो दुसऱ्याच मुलीचा. तो मागे वळतो तेव्हा त्याची मुलगी मागे एकटी उभी आहे आणि राक्षस तिच्या पाठीमागून येतो आहे. हा राक्षस मोठ्या ट्रकच्या आसपासचा, गॉडझिलाच्या तुलनेत किरकोळच. पण त्या एका चुकीच्या हाताने तो असा काही मोठा होतो की नंतर शंभर मीटरवाल्यांचं काही वाटेनासं होतं. आणि या राक्षसालाही कारण आहे. सोलमधल्या अमेरिकी लष्करी तळावरून २००० साली फॉर्माल्डिहाइड गटारात ओतलं गेलं होतं, ही खरी घडलेली गोष्ट. चित्रपट तिथूनच सुरू होतो.

गिलेर्मो देल तोरो यांचा २०१३ चा ‘पॅसिफिक रिम’ तर उघडपणे यंत्रमानव विरुद्ध राक्षस अशा दणादणीचा. मला त्यातली कुठली लढाई कोणत्या शहरात झाली हे आता नीट आठवत नाही. आठवते ती राखेने माखलेल्या निर्मनुष्य रस्त्यावरून रडत चाललेली लहान मुलगी. एक लाल बूट पायात, दुसरा हातात.

इथे हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. हा खेळ आहे, हो, मोठ्ठ्या आकाराचा खेळ. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन तास प्रचंड काहीतरी पाहायचं आहे. त्याच्यापुढे इस्पितळं आणि अनाथ पोरं कशाला मांडता? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. प्रचंड गोष्ट पाहण्याचा आनंद खरा आहे आणि तो लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना होतो. पण मी सुतकी चेहऱ्याचे चित्रपट मागत नाही. १९६९ साली याच होंडांनी निव्वळ मुलांसाठी एक गॉडझिलापट केला. त्यात एकही शहर पडत नाही. आई-बाप दोघंही कामावर, घरी एकटा असलेला, दांडगट पोरांना घाबरणारा एक मुलगा स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो, एवढीच गोष्ट. जुन्या दृश्यांचे तुकडे वापरून स्वस्तात केलेला चित्रपट आहे, आणि अनेक चाहते त्याला मालिकेतला सगळ्यात वाईट मानतात. मला तो पिरॅमिडांवरच्या झुंजीपेक्षा जास्त भावतो, कारण त्या मुलाचं एकटेपण खरं आहे आणि राक्षस त्या एकटेपणाच्या मापाने दिसतात. हलकाफुलका असो की भीषण, चित्रपटात निदान एक माणूस असा हवा ज्याचं काहीतरी पणाला लागलेलं आहे.

त्याहून मोठं कारण पडद्याबाहेरचं आहे, आणि म्हणूनच मी याला सार्वजनिक प्रश्न म्हणतो. खऱ्या आपत्तींची दृश्यंही आता आपल्याकडे वरूनच येतात; हेलिकॉप्टरमधून, ड्रोनमधून, उपग्रहातून. ११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली तेव्हा एनएचके वाहिनीच्या हेलिकॉप्टरने ती थेट दाखवली. काळी लाट शेतांवरून सरकते आहे, घरं, होड्या, जळते ढिगारे सोबत वाहत आहेत. क्षणभर ते दृश्य भव्य वाटतं. मग रस्त्यावरच्या गाड्या दिसतात. इवल्याशा, लाटेपुढे पळणाऱ्या, काही मधेच वळू पाहणाऱ्या. त्या आपत्तीत मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांहून जास्त माणसं गेली. वरून पाहताना त्या गाड्या दिसणं, त्यांच्यात कोणीतरी आहे हे जाणवणं, ही नजरेची तयारी आहे आणि ती आपोआप होत नाही. सिनेमा ती घडवू शकतो, बिघडवूही शकतो. वर्षानुवर्षं कोसळत्या शहरांकडे देखावा म्हणून पाहिलेला डोळा खऱ्या लाटेकडेही पहिली काही मिनिटं देखावा म्हणूनच पाहतो. खऱ्या संकटाची चित्रफीत पाहून ‘अगदी पिक्चरसारखं वाटतंय’ असं आपल्यातले किती जण सहज बोलून जातात.

त्सुनामीनंतर पाच वर्षांनी हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी ‘शिन गॉडझिला’ केला. त्यात राक्षस प्रथम नदीतून वर सरकतो तो होड्या आणि गाड्यांचा ढीग पुढे ढकलत. जपानी प्रेक्षकाला ते चित्र कुठून आलं हे सांगावं लागत नाही. एका सदनिकेत एक कुटुंब घाईघाईने सामान बांधतं आहे, आणि अख्खी इमारत कलते. पण मी ज्याच्यासाठी या चित्रपटाला मानतो ते दृश्य वेगळं आहे. बैठकांवर बैठका झाल्यावर अखेर हल्ल्याचा आदेश निघतो. हेलिकॉप्टरं नेम धरून सज्ज. तेवढ्यात एका वैमानिकाला रेल्वेच्या फाटकावर दोन माणसं दिसतात, त्यांतला एक दुसऱ्याला घेऊन कसाबसा रूळ ओलांडतो आहे. निरोप साखळीने वर वर पंतप्रधानांपर्यंत जातो. गोळीबार करायचा का? पंतप्रधान नाही म्हणतात. हल्ला थांबतो, राक्षस निसटतो, आणि नंतर तो जे काही करतो त्यात हजारो मरतात. ते बरोबर वागले का? यावर तासन्‌तास वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. ज्या चित्रपटात शहर ‘आधीच रिकामं केलं आहे’ असं एका वाक्यात उरकलेलं असतं, तिथे असा वाद उभाच राहत नाही. ते एक वाक्य पटकथेतली सगळ्यात मोठी पळवाट आहे, आणि ते ऐकू आलं की माझा त्या चित्रपटातला रस निम्मा होतो.

आता ‘मायनस वन’. ताकाशी यामाझाकी यांनी गोष्ट युद्धोत्तर वर्षांत नेली. टोकियो आधीच राखेत आहे, घरं म्हणजे पत्र्याच्या झोपड्या. नायक आत्मघातकी हल्ल्यावरून परत आलेला वैमानिक, जिवंत राहिल्याबद्दल शेजाऱ्यांचे टोमणे खाणारा. राक्षस समुद्रात पाठलाग करतो तेव्हा पुढे आहे ती सुरुंग काढणारी एक लाकडी बोट, आणि कॅमेरा बोटीवर आहे. पाण्याच्या पातळीवरून, चार घाबरलेल्या माणसांच्या मधून, आपण ते डोकं जवळ येताना पाहतो. टोकियोतल्या गिन्झा भागात तो तोंडातून किरणोत्सारी झोत सोडतो तेव्हा आधी उजेड, मग झंझावात, मग मागे फिरणारी हवा, आणि शेवटी काळा पाऊस. क्रम अणुस्फोटाचा आहे आणि तो आपल्याला रस्त्यावर उभं राहून सोसायला लावला आहे. यासाठी ३५ कलाकारांनी ६१० दृश्यांवर काम केलं. खर्च दीड कोटी डॉलरच्याही आत असल्याचं सांगितलं गेलं. हॉलीवूडच्या २०१४ च्या गॉडझिलाला १६ कोटी लागले होते. २०२४ च्या मार्चमध्ये या छोट्या चमूला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. पैशाने जे वजन विकत घेता येत नाही ते त्यांनी कॅमेरा खाली ठेवून मिळवलं.

याच चित्रपटात नोदा नावाचं पात्र माजी नौसैनिकांपुढे बोलतं. या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त मानला, असं तो सांगतो: पातळ पत्र्याचे रणगाडे, रसद नाही म्हणून उपासमारीने आणि रोगाने मेलेले सैनिक, बाहेर पडायची सोय नसलेली लढाऊ विमानं. या वेळी एकही जीव जाऊ नये अशी मोहीम करायची. त्याआधी ज्यांना यायचं नाही त्यांना घरी जायची मोकळीक आहे, आणि काही जण खरोखर उठून जातात. त्यांच्यावर कोणी थुंकत नाही. राक्षसपटात मी इतकं सरळ राजकीय विधान दुसरं ऐकलेलं नाही.

आणि तरीही माझा प्रश्न या चित्रपटालाही विचारायला हवा. खाली कोण होतं? फक्त जपानी माणसं. त्या सैन्याने ज्या देशांत जाऊन माणसं चिरडली, त्या देशांतलं कोणी या गोष्टीत नाही. सैनिक स्वतःच्या सरकारचे बळी आहेत, आणि तेवढ्यावर चित्रपट थांबतो. ही टीका त्याच्यावर झाली आहे आणि मला ती मान्य आहे. चित्रपट मोठा असला म्हणून ती गिळून टाकायचं कारण नाही. माणसांकडे पाहणारा चित्रपटसुद्धा कोणाकडे पाहायचं हे निवडत असतो, आणि त्या निवडीबद्दल त्याला जाब विचारता येतो. पिरॅमिडांवर झुंज लावणाऱ्या चित्रपटाला हा जाब विचारायला जागाच नसते.

राहिला धंद्याचा मुद्दा. निर्माते म्हणतात, प्रेक्षकांना राक्षसच हवा असतो, माणसांच्या दृश्यांत ते मोबाइल काढतात. ‘द न्यू एम्पायर’ने जगभरात ५५ कोटी डॉलरहून जास्त कमावले हे खरंच आहे, आणि ते मी झाकणार नाही. पण ‘द होस्ट’ची दक्षिण कोरियात सुमारे एक कोटी तीस लाख तिकिटं गेली, आणि ‘मायनस वन’ने उपशीर्षकं वाचायचा कंटाळा करणाऱ्या अमेरिकेत साडेपाच कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. गुंतवणुकीच्या प्रमाणात पाहिलं तर हे दोन्ही निर्मात्यांना हेवा वाटावा असे व्यवहार आहेत. माणसांच्या दृश्यांत लोक मोबाइल काढतात ते त्या दृश्यांत माणसं नसतात म्हणून. तिथे पात्रं पुढच्या लढाईचा पत्ता सांगत उभी असतात.

म्हणून जे लोक पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला जाऊन पहिली प्रतिक्रिया लिहितात, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. त्यांचं वजन आज मोठं आहे. पहिल्या चोवीस तासांत जे बोललं जातं त्यावर पुढचा चित्रपट कसा करायचा हे ठरतं, २०१४ नंतर ते झालेलं आपण पाहिलं आहे. उंची लिहा, मिनिटं लिहा, झुंज कशी झाली तेही लिहा. त्यासोबत कॅमेरा किती वेळ जमिनीवर होता हे लिहा. शहर पडलं तेव्हा त्यातला एक तरी माणूस तुम्हाला नावानिशी आठवतो का, आणि शहर रिकामं केल्याचं वाक्य कितव्या मिनिटाला आलं, हेही लिहा. यात कथानक फुटत नाही, कोणाचा आनंद जात नाही, आणि तिकीट काढायचं की नाही हे ठरवायला मला शेपटीच्या लांबीपेक्षा याचा जास्त उपयोग होईल.